तासभर आधी उजळलेलं कृष्णविवर

गिझलान मार्राकेशला आईच्या घरी आली ती फोन बंद करूनच. वर डोंगरातल्या वेधशाळेत तिचे साहेब सी लार्बी तिच्या नावाने खडे फोडत असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गोष्ट अशी. दूरच्या एका दीर्घिकेतलं कृष्णविवर ठरावीक तासांनी उजळतं, कारण एक तारा त्याच्याभोवती फिरतोय आणि दर फेरीला थोडा थोडा ओरबाडला जातोय, असं तिने मांडलं होतं. अख्खा हिवाळा ते नेमाने उजळलं. रमजान लागला आणि मेलं दोनदा उजळलं ते दोन्ही वेळा तासभर आधीच! "तारा कसला नि फेरी कसली, लल्ला," सी लार्बी म्हणाले होते; चिडले तरी 'लल्ला', म्हणजे बाईसाहेब, म्हणायला ते चुकत नसत. "उद्या शोधनिबंध मागे घे. जगात हसं नको." चार वर्षांची मेहनत पाण्यात चालली होती, आणि वर पोटात रोजा.

हरीरा सुपाचा वास आला आणि तिने वाडग्याकडे हात नेला. आईने फाट्‌कन हातावर मारलं.

"अजान होऊ दे की, हावरट!"

"अगं, भिंतीवरचं घड्याळ बघ. कधीच झाली असेल."

"ते मी मागे घेतच नाही. रमजान आला की सरकार म्हणतं तासभर मागे घ्या, ईद झाली की पुन्हा पुढे. त्यांचं काय जातंय? स्टुलावर मला चढावं लागतं!"

गिझलानचा हात तिथेच थांबला. तासभर. रमजान लागल्यापासून. अगं बाई गं! तिने फोन चालू केला.

"सी लार्बी, दुर्बिणीच्या संगणकाचं घड्याळ कुणी मागे घेतलं?"

"मीच. रोजा कधी सोडायचा ते कळायला नको?"

"पण त्या कृष्णविवराने नाही ना घेतलं मागे!"

पलीकडे कळफलक खडखडला.

"तास मिळवला," सी लार्बी पुटपुटले. "दोन्ही वेळा जुळल्या. अगदी ठोक्याला. लल्ला, निबंध मागे घेऊ नकोस. गाढव मी आहे."

"फिरतोय! आई, माझा तारा फिरतोय!" तेवढ्यात अजान झाली. आईने तिच्या तोंडात खजूर कोंबला, तरी ही हसतेय, रडतेय, आणि तशीच स्टुलावर चढून घड्याळाचे मुके घेतेय.

"चढलीच आहेस तर तेवढा काटा मागे घे," आई म्हणाली.

"खबरदार! त्याला कुणी हात लावायचा नाही!"