हलणाऱ्या हातांचा फोटो

मी एक जुना फलक आहे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लाकडी चौकटीत मऊ पुठ्ठा बसवून मला घडवलं आणि वर गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं हिरवं कापड ताणलं. मित्रांनो, माझ्या अंगावर टाचण्यांची हजारो भोकं आहेत. बहुतेक मी विसरलो. एका फोटोची मात्र विसरलो नाही.

एका कॉलेजात फोटो आणि चित्रफिती शिकवणाऱ्या वर्गात मी एकवीस वर्षं होतो. तिथं द्वारका मॅडमनी एक रीत घातली होती. शनिवारी एकाचा फोटो माझ्यावर लागे. बाकीचे त्याखाली बिननावाच्या चिठ्ठ्या टोचत. फोटो काढणाऱ्यानं त्या स्वतः मोठ्यानं वाचायच्या आणि शेवटची संपेपर्यंत काही बोलायचं नाही. या रीतीनं कितीतरी मुलं शिकली. मलाही अभिमान वाटे.

एका शनिवारी जमिलानं फोटो लावला. तो वर्षअखेरीच्या प्रदर्शनात लागावा, एवढीच तिची इच्छा होती. शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवणारे दोन म्हातारे हात, धूसर.

चौथी आणि शेवटची चिठ्ठी तिनं वाचली, "जमिलाबाई, फोटो काढताना भूकंप झाला व्हता का?"

वर्ग खदखदून हसला. जमिलाही हसली. चिठ्ठी वर्गातल्याच बन्सीची होती. ती टोचताना तो माझ्यासमोरच खुदखुदला होता.

"आता बोल," मॅडम म्हणाल्या. "हात कुणाचे?"

"असेच, मॅडम. कॅमेरा हलला."

तिनं फोटो उतरवला. त्यानंतर ती वर्गात यायची, पण माझ्याजवळ कधी आली नाही.

कॅमेरा हलला नव्हता. यंत्र, सुई, भिंतीवरची दिनदर्शिका, सगळं रेखीव होतं. कॅमेरा हलला असता तर तेही हललं असतं. एवढं कुणीही बघू शकलं असतं. मला दिसत होतं, पण मला चिठ्ठी लिहिता येत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी इस्त्रीचा कुर्ता घातलेले एक गृहस्थ आले. जमिलाचे अब्बा, कमरोद्दीन. तिनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्यापाशी उभ्या बन्सीला विचारलं, "बेटा, हमारी जमिला का फोटू किधर है? मेरे हाथां का निकाली थी उने."

त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. हात इतके थरथरत होते की डबी उघडेना. बन्सी त्या हातांकडं बघतच राहिला. मग त्यानं डबी उघडून दिली.

"खराब निकला क्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाय चाचा," बन्सी म्हणाला. "फोटो चांगला व्हता. आमालाच बघता आला नाय."

कमरोद्दीननी चष्मा लावला, माझ्यावरचे बाकीचे सगळे फोटो एकेक करून पाहिले आणि ते निघून गेले. बन्सीनं नंतर जमिलाची माफी मागितली. तिनं केलंही माफ. पण फोटो पुन्हा कधी दाखवला नाही.

आता अभिप्राय मोबाइलवर देतात, आणि मी जिन्याखाली भिंतीकडं तोंड करून उभा आहे. माझी तक्रार नाही. फक्त, मित्रांनो, कुणी आपलं काम तुमच्यासमोर ठेवलं, तर लिहिण्याआधी ते पुरतं बघा. कळलं नाही तर त्यालाच विचारा. आणि खाली आपलं नाव घाला.