दोन चमचे पावडर

सून पार्लरमध्ये दिवसभर उभी. भुवया कोरायच्या, चेहरे चोळायचे आणि जाता जाता प्रत्येकीच्या गळ्यात कोलॅजनच्या पावडरीचा डबा मारायचा. "मॅडम, पोटात गेलं की थेट त्वचेत!" हे ती इतक्यांदा म्हणाली होती की शेवटी तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. त्यात नवल काय म्हणा!

म्हणून सासूच्या घोट्याजवळची जखम काही केल्या भरेना, तेव्हा तिने एक डबा घरी आणला. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, कोमट पाण्यातून. नवरा जहाजावर नोकरीला, घरात या दोघीच, आणि सासूला पलंगावरून उठता येत नव्हतं. म्हातारी पावडर गपगुमान प्यायची, वर कौतुकही करायची. "पोट कसं गच्च भरतं गं याने. रात्रीचं माझं काही करत बसू नकोस." दमलेल्या जिवाला असलंच ऐकायला हवं असतं, नाही का? चहात दोन बिस्किटं बुडवून सून आडवी व्हायची.

जखम मात्र होती तशीच. उलट कडा पांढुरक्या पडायला लागल्या.

ड्रेसिंगला घरी येणारी नर्स तोंडाची फटकळ, पण हाताची हलकी. त्या संध्याकाळी तिने पट्टी सोडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात आहे ना? अशीच राहिली तर पाऊल काढावं लागेल. या खातात काय?"

"कोलॅजन देते ना मी, रोज! जखम भरायला तेच लागतं ना?"

"लागतं. पण ते प्रथिन शरीर स्वतः बनवतं. तुमच्या पावडरीचे पोटात तुकडे होतात, डाळीचे होतात तसेच. ते काही पत्ता विचारत जखमेपर्यंत जात नाहीत. शरीराला गरज असेल तिथे ते वापरतं. आणि चार चमच्यांनी काय होणार? डाळ द्या, अंडी, दूध, मासे द्या. लिंबू द्या, पेरू द्या, त्यातल्या क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन नीट बनतच नाही. मुळात पोटभर द्या हो! हाडं दिसायला लागलीत यांची."

नर्स गेली आणि सुनेचा बांध फुटला. आधी राग आला, मग रडू, मग दोन्ही एकदम.

"पोट भरतं म्हणालात तुम्ही! खोटं का बोललात, आई? पाय जाईल तुमचा!"

म्हातारी चादरीची सुरकुती सारखी करत राहिली. "तू आत येतेस तेव्हा भिंतीला हात टेकून चप्पल काढतेस. रोज बघते मी इथून. तुझं ते तोंड बघून भूक लागली म्हणायला जीभ रेटायची नाही गं."

सून तिथेच खाली बसली. या बाईला आपण पावडरीवर ठेवलं आणि वर रोज सुटल्यासारखं वाटून घेतलं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. पाय तर असे ठणकत होते की रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

तरी ती उठली. अंडी उकडायला ठेवली, डाळ शिजवली, वर लिंबू पिळलं. म्हातारी घास घ्यायला लागली आणि तिचा हात थांबेना. सून बघत राहिली. इतकी भूक!

"उद्यापासून माझ्या तोंडाकडे बघायचं नाही," ती म्हणाली. "मी आत आले की भूक लागली म्हणायचं. ओरडून. माझी शपथ आहे तुम्हाला."

म्हातारीने ताटलीला लागलेली डाळ बोटाने पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये तिच्याच्याने एकही डबा खपवला गेला नाही, आणि मालकिणीची बोलणी खाऊन ती घरी आली. भिंतीला हात टेकून तिने एक चप्पल काढली. आत सगळं शांत होतं. ती तशीच एका पायावर थांबली, कान देऊन.

"अगं," आतून चाचरत, लाजत आवाज आला, "मला भूक लागलीय."

"आले, आई," ती म्हणाली आणि दुसरी चप्पल काढली.