बाबांची बाटली

“कोलेस्टेरॉलच्या गोळीशिवाय आणखी काही घेता का?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

“काही नाही,” बाबा म्हणाले.

बाबा रंगारी. चाळीस वर्षं शिडीवर काढली, पण आज दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना त्यांना ब्रह्मांड आठवलं. लघवी तर काळ्या चहासारखी.

माझं डोकं सणकलं. पर्समधली बाटली काढून मी टेबलावर आपटली. “रोज यातल्या दोन कॅप्सूल घेतात. खोटं कशाला बोलता, बाबा?”

डॉक्टरांनी लेबल वाचलं. “लाल यीस्टचा तांदूळ. गोळीचंच काम हाही करतो. दोन्ही मिळून डोस वाढला, आता स्नायू तुटताहेत. कुणी दिली ही?”

मी. त्यांच्या वाढदिवसाला.

“मीच आणली,” बाबा पुन्हा खोटं बोलले.