निवळीची लाईन

कोल्हारजवळच्या एका पनीर कारखान्यात गहिनीनाथ जुना फिटर. गावच्या कीर्तनात टाळ त्याच्याच हाती. कान असा तयार की कुठलाही माल वाजवून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.

दूध फाडल्यावर उरणारी निवळी बाहेर नेणारी लाईन चार वर्षांमागं बदलायची ठरली. नव्या इंजिनिअर राजेश्वरीबाईंनी काळा प्लास्टिकचा पाईप सुचवला. निवळी काही जहाल नसते, पण आंबट असते, लोखंडाला हळूहळू खाते, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. गहिनीनाथनं तो आणि नेहमीचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, अशा दोन्ही पाईपांवर पाना हाणला. बिडाचा घंटेसारखा खणखणला, प्लास्टिकचा नुसता धप्प वाजला.

"मॅडम, ज्याला नाद न्हाई, त्याचा भरवसा न्हाई," तो हसत म्हणाला.

मालकाचा त्याच्यावर विश्वास. बिडाचेच पाईप पडले.

लाईन गेली ती त्याच्या बहिणीच्या, छबूबाईच्या विहिरीशेजारून. सप्ताहाच्या पंगतीला पाणी जायचं ते याच विहिरीचं; सासूमागं तो मान छबूबाईनं जिवापाड जपलेला.

यंदा सप्ताह पंधरा दिवसांवर आला आणि पाण्याला आंबूस वास सुटला. गहिनीनाथनं स्वतः चर खणला. पाईप वरून धडधाकट होता. पण तळाला, जिथून निवळी सावकाश वाहायची, तिथं बीड असं भुसभुशीत झालेलं की बोट आरपार गेलं.

राजेश्वरीबाईंनी चर बघितला आणि लगेच नव्या पाईपाची मापं घेतली. त्याचंच त्याला जास्त लागलं. आठवड्यात काळा पाईप पडला, विहीर दोनदा उपसली, पण वास हटेना. जमिनीत मुरलेलं निघायला वर्षं जातील, असं पाणी तपासणाऱ्यांनी सांगितलं.

सप्ताहाला देवळापुढं टँकर आला. गहिनीनाथ टाळ ठेवून बहिणीपाशी गेला.

"छबू, माझ्या हातनं लई वाईट झालं गं."

"तू काय मुद्दाम केलंस व्हय, दादा?" तिनं पदरानं डोळे टिपले. मग हळूच म्हणाली, "पन सासूबाईंनी जाताना येवढं एकच मागितलं हुतं रे."

पंगत बसली होती, लोक पाणी मागत होते. छबूबाईनं कळशी उचलली आणि टँकरच्या तोटीपुढच्या रांगेत, सगळ्या बायांच्या मागं जाऊन उभी राहिली.