सासूबाईंची पाहणी

"माणसानं आयुष्यात कुणावर म्हणून अवलंबून राहू नये," सासूबाईंनी जाहीर केलं आणि उजवा पाय पुढे केला. जावयानं त्यावर मोजा चढवला.

"बरोबर आहे, आई. आता डावा."

"मी कधी कुणाकडे पेलाभर पाणीसुद्धा मागितलेलं नाही," असं म्हणत त्यांनी डावाही दिला.

हे खरं होतं. त्या पाणी मागत नसत, नुसत्या पेल्याकडे बघत. मोठ्या रुग्णालयात मेट्रन म्हणून हयात काढलेली बाई. त्यांनी नुसतं बघितलं की डॉक्टरही बूट पुसून वॉर्डात शिरत, असं म्हणतात. आता गुडघे गेले होते, हात थरथरत होते. नजर मात्र अजून निवृत्त व्हायची होती.

जावई शिंपी. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मागच्या खोलीत सासू, आणि मधे तो दिवसभर धोट्यासारखा फिरे. सासू-जावयाचं नातं मधल्या माणसावर टांगलेलं असतं. इथे ते मधलं माणूसच जग सोडून गेलं आणि नातं तसंच टांगलेलं राहिलं. ते खाली कसं पडलं नाही, याचं शेजाऱ्यापाजाऱ्यांना आश्चर्य वाटे. त्या दोघांना आश्चर्य करायलाही सवड नव्हती.

"त्या बाई येतील एवढ्यात," जावई म्हणाला. "आज जरा कमी करा, आई."

"काय कमी करू?"

"रुबाब."

घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांना थोडी उसंत मिळावी म्हणून एक संस्था काम करत असे. तिची बाई आठवडा-दोन आठवडे घरी येऊन राही आणि करणारा तेवढा सुटा होई. त्याआधी पाहणी होई. नियम सोपा होता. माणूस फार धडधाकट असेल तर मदतीची गरज नाही, आणि फारच खालावलेलं असेल तर त्याला कायमच्या निवासात हलवायला हवं. थोडक्यात, आजाऱ्यानं बेतानं आजारी असावं.

जावयाला ही उसंत हवीच होती. सासूबाईंना उचलता उचलता त्याला हर्निया झाला होता आणि 'आता कापल्यावाचून गत्यंतर नाही' असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. सासूबाईंना त्यानं 'चार दिवस जरा पाय मोकळे करून येतो' एवढंच सांगितलं होतं. तोवर शर्टाच्या आत स्वतः शिवलेला पट्टा बांधून तो गाडा ओढत होता. पट्ट्याची शिलाई सुरेख उतरली होती. कुणाला दाखवता येत नव्हती, हेच काय ते दुःख.

पाहणीबाई आल्या, बसल्या, त्यांनी पेन काढलं. ते कागदाला टेकायच्या आत सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"नाडी मंद आहे तुमची. सकाळपासून काही खाल्लंत?"

"वेळच झाला नाही," पाहणीबाई ओशाळल्या.

"जावईबापू, बिस्किटं आणा यांना."

"आजी, मी तुमची पाहणी करायला आलेय."

"करा की. आम्ही कुठं नको म्हणतोय?"

"आंघोळ कोण घालतं तुम्हाला?"

"आंघोळ रोज होते."

"पण घालतं कोण?"

"पाणी छान गरम असतं."

"बरं, स्वतःहून उठता येतं?"

"उठायचं कशाला? मेट्रन उठून कुणाकडे जात नाही. लोक येतात. तुम्ही नाही आलात?"

पाहणीबाई हसल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुमच्या सासूबाई खणखणीत आहेत हो. आमच्याकडे फार अडलेली माणसं रांगेत आहेत."

बशी घेऊन आलेल्या जावयाचा चेहरा शिवण उसवावी तसा झाला. "निदान उठताना तरी बघा," तो म्हणाला. "म्हणजे मी उठवतो, तुम्ही बघा."

बशी टेबलाच्या कडेला ठेवून तो वाकला. सासूबाईंनी त्याच्या गळ्यात हात घातला. त्यानं उचललं, आणि मधेच त्याचा श्वास अडकला. तोल सावरायला सासूबाईंनी त्याची कंबर धरली. हात तिथेच थांबला.

"हे काय आहे?"

"पट्टा."

"पट्टा पँटवर असतो, जावईबापू. शर्टाच्या आत काय करतोय?"

"नवीन फॅशन आहे."

बोटं थरथरत होती, पण पट्ट्याखाली नेमक्या जागी पोचली. त्यांनी एकदाच दाबलं. जावई कळवळला.

"खाली ठेवा मला."

खुर्चीत टेकल्यावर त्यांनी मांडीवरची चादर नीट केली. नीटच होती, पुन्हा केली.

"बाई, पेन उघडा," त्या म्हणाल्या. "मघाचं सगळं खोडा."

आणि मग सासूबाई जी आजारी पडल्या! मान लटकली. जीभ बोबडी झाली. डावा हात लुळा पडला, थोड्या वेळानं आठवण होऊन उजवाही पडला. हयातभर वॉर्डावॉर्डांतून पाहिलेली सारी दुखणी त्यांनी त्या एका खुर्चीत भरती करून घेतली.

"हे गृहस्थ कोण?" त्यांनी जावयाकडे बघून विचारलं. "घरात शिरले कसे?"

पाहणीबाई दचकल्या. "अगं बाई! इतकं असेल तर यांना घरी ठेवणं धोक्याचं आहे. आमच्या निवासात एक खाट रिकामी होतेय. कायमचीच सोय होऊन जाईल."

"कायमची?" जावयाचा धक्का लागून बिस्किटांची बशी कलंडली. "अहो, काही झालेलं नाही त्यांना! माझ्या शिवणीतला तिरका टाका पलंगावरून ओळखतात. परवा एका गिऱ्हाइकाला नुसतं बघून तपासणीला पाठवलं, त्याला थायरॉइड निघाला!"

"खोटं बोलतात हे," सासूबाई बोबडेपणा विसरून कडाडल्या. "मला काही येत नाही!"

"सगळं येतं!"

"मी या माणसाला ओळखत नाही!"

"आई, नाटक पुरे!"

"आवाज चढवू नका, जावईबापू. हर्नियावर ताण येतो."

पाहणीबाईंनी एकदा सासूकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. मग चष्मा काढून पुसला, लागतो त्याहून जरा जास्तच वेळ.

"मध्यम," लिहिता लिहिता त्या म्हणाल्या. "दोघंही. सोमवारपासून आमची बाई येईल. तुम्ही ऑपरेशन उरकून घ्या आणि चांगले खडखडीत बरे होऊन या."

जावयानं मान डोलावली. खरं तर त्यानं उडीच मारली असती, पण पट्टा होता.

"त्या बाईंना जमेल ना?" त्यानं विचारलं. "आईंची उशी डाव्या अंगाला किंचित चढी लागते."

"अहो, शिकून तयार झालेल्या असतात आमच्या बाया. निश्चिंत राहा. तुमच्यापेक्षाही छान करतील."

"हो का?" जावई म्हणाला. गळ्यातली टेप काढून तो बोटाभोवती गुंडाळू लागला. गुंडाळून झाली की सोडायचा, सोडून झाली की पुन्हा गुंडाळायचा. "मग चांगलंच आहे की."

सासूबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या.

जावई पाहणीबाईंची छत्री आणायला पुढच्या खोलीत गेला, तसं सासूबाईंनी पाहणीबाईंना खुणेनं जवळ बोलावलं. सासूबाईंना कानानं कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांची कुजबुज खालच्या मजल्यापर्यंत पोचत असे. जावई छत्री धरून दाराबाहेरच थबकला.

"बाई पाठवाल ना," सासूबाई कुजबुजल्या, "ती फार चांगली नको. जरा पांचट चहा करणारी बघा."