सात नंबरची सहावी फेरी

राखीव जवान वर्षभर आपापल्या धंद्यात असतात. कुणी गवंडी, कुणी मास्तर, कुणी बँकेत. वर्षातून दोनदा ते आमच्या मैदानावर येतात, आणि ते अजून जवान आहेत की नुसतेच राखीव, हे मी ठरवतो. वजन, कमरेचं माप, जोर, बैठका, आणि शेवटी साडेतेरा मिनिटांत मैदानाला सहा फेऱ्या. तीनदा नापास झाला की यादीतून नाव कमी.

बायको गेल्यावर पाचव्या दिवशी मी कामावर आलो. साहेब म्हणाले, “महिनाभर रजा घ्या.” मी नको म्हणालो. घरी मला एका खोलीत बसवत नव्हतं, म्हणून दुसरीत जायचो, आणि तिथे तर तिचे कपडे होते. साहेब म्हणाले, “ठीक आहे. पण एक जरी चूक दिसली, तरी घरी पाठवीन. शिक्षा म्हणा नाहीतर काळजी म्हणा.”

अडीच महिने चूक झाली नाही.

त्या रविवारी शेवटच्या गटात आठजण होते. त्यात माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याची बेकरी आहे. आधी दोनदा नापास. मागच्या वेळी त्याला चौदा मिनिटं चोवीस सेकंद लागले होते.

कमरेला टेप लावून मी म्हणालो, “श्वास सोड.”

“सोडलाय, दाजी.”

“इथे दाजी नाही.”

“सोडलाय, उस्ताद. आता उरलंय ते सगळं माझंच आहे.”

मागून गटातला एक गवंडी म्हणाला, “भट्टीजवळ बसून मालकच फुगलाय!” सगळे हसले. मेव्हणाही हसला, पण टेपकडे बघत.

फेऱ्या मोजायची माझी पद्धत साधी आहे. कागदावर आठ नंबर लिहायचे. माणूस समोरून गेला की छातीवरचा नंबर बघायचा आणि रेघ मारायची. तोंडाकडे बघायचं नाही. तोंड बघितलं की दया येते, आणि दया आली की हात चुकतो.

त्या दिवशी मी सात नंबरच्या, म्हणजे मेव्हण्याच्या, तोंडाकडे बघितलं. दम लागला की तो खालचा ओठ डावीकडून दातात धरतो. शेवटच्या महिन्यांत जिना चढताना ती अगदी तसाच धरायची. मी वर उभा राहून म्हणायचो, “थांबू नकोस, थांबलीस की आणखी जड जातं.” मला वाटायचं, वजन वाढलंय, दुसरं काय.

भानावर आलो तेव्हा तीन-चारजण समोरून गेलेले होते. कोण गेलं, कोण मागे आहे, कळेना. मी अंदाजाने रेघा मारल्या.

थोड्या वेळाने ओरडलो, “सात, झालं!” मेव्हणा गवतावर आडवा पडला. घड्याळात बरोबर बारा मिनिटं. गवंड्याने त्याच्या पोटावर थाप मारली. “शेठ, पाव कधी वाटताय?”

मी कागद घेऊन साहित्याच्या खोलीत गेलो. बसलो, उठलो. वजनकाटा उगाच पुसला. मग कागदाच्या पाठीवर हिशेब केला. मागच्या वेळी त्याला एका फेरीला दोन मिनिटं चोवीस सेकंद लागले होते. आज बारा मिनिटांना पाचाने भागलं. दोन मिनिटं चोवीस सेकंद.

त्याला आत बोलावलं. “किती फेऱ्या मारल्यास?”

“तुम्ही झालं म्हणालात, मी पडलो. फेऱ्या मोजू की जीव सांभाळू?”

“मला वाटतं, पाच.”

तो दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, “कागदावर किती आहेत?”

“सहा.”

“मग झालं की. वर कागद जातो, तुमचं वाटणं जात नाही.”

“एक रेघ मी अंदाजाने मारली.”

“दाजी, हे सांगितलंत तर साहेब तुम्हाला घरी बसवतील. काय करणार तुम्ही घरी?”

मी वजनकाटा पुन्हा पुसायला लागलो.

“आणि आईचं काय? गिऱ्हाइकांना सांगत असते, माझा मुलगा राखीव दलात आहे. तिच्याकडे आता सांगायला तेवढंच उरलंय.”

मी खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो. उद्या बोलावणं आलं, तर हा वीस किलो पाठीवर घेऊन धावणार, आणि कशाच्या जोरावर, तर माझ्या एका खोट्या रेघेच्या. मी कागद उचलला. तो म्हणाला, “दाजी.” मी थांबलो नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. मोजणाऱ्याला शंका आली तर सगळ्या गटाची धाव रद्द होते, नियमच आहे. “पुढच्या रविवारी आठहीजण पुन्हा धावतील. कारकून मोजेल,” ते म्हणाले. “तुम्ही उद्यापासून घरी.”

बाहेर सांगितलं तेव्हा गवंडी पायातला बूट काढत होता. “उस्ताद, सहापर्यंत तर माझी नातही मोजते!” मेव्हणा पिशवी घेऊन निघून गेला.

सोमवारी पाचला उठलो. मैदानावर जायचं नव्हतं, तरी दाढी केली. दोनदा दार उघडून बंद केलं. मग सरळ बेकरीवर गेलो. मेव्हणा ट्रे बाहेर काढत होता. मला बघून त्याने पाठ फिरवली.

“सहा दिवस पळवायला आलात? मी येणार नाही.”

“पळवायला नाही. दवाखान्यात चल. छाती तपासून घे.”

“मला काही झालेलं नाही. मी जाडा आहे, बस.”

“तिच्याबद्दलही मी हेच म्हणत होतो.”

ट्रे त्याच्या हातातच राहिला. त्याने तो टेबलावर ठेवला, अ‍ॅप्रनची गाठ सोडायला लागला, ती सुटेना, तेव्हा डोक्यावरूनच काढला. नोकराला म्हणाला, “भट्टीकडे बघ.”

दवाखाना नऊला उघडतो. सहाही वाजले नव्हते. आम्ही दोघं निघालो. मी भरभर चालत होतो. कोपऱ्यावर लक्षात आलं की तो मागे राहिलाय. मी थांबलो, आणि म्हणालो, “सावकाश ये.”