चुन्यातली पावलं

"मावशी, इथं पाणी कुणी घातलं?"

भरलेली बादली हातात तशीच धरून मिस्त्री दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी उभे होते. समोर त्यांचा अर्थिंगचा खड्डा, ओलाचिंब.

"मला काय माहीत?" मावशी फरशीचं फडकं पिळत म्हणाल्या. "घातलं असेल कुणीतरी. पुण्य लागेल त्याला."

"पुण्यासाठी खड्ड्यात पाणी ओतणारा माणूस मी अजून पाहिला नाही."

एवढं बोलून मावशी लगबगीने आत गेल्या. मिस्त्रींना त्याचाही संशय आला. एरवी या बाईच्या तोंडाला खीळ नसे.

संशय हा मिस्त्रींचा धंदाच होता. मेन बंद आहे असं खुद्द डॉक्टरबाईंनी सांगितलं, तरी टेस्टर लावल्याशिवाय ते वायरला हात लावत नसत. असं करून त्यांनी सव्वीस वर्षं काढली आणि दहाही बोटं शाबूत राखली. त्यांचे नेम दोन. रोज सकाळी खड्ड्यात बादलीभर पाणी, आणि आभाळ गडगडलं की सोनोग्राफीच्या मशीनचा प्लग स्वतःच्या हाताने काढायचा. खड्ड्यात मीठ, कोळसा आणि तळाला तांब्याची प्लेट होती. माती ओली असली की पडलेली वीज मुकाट जमिनीत उतरते. कोरडी असली की दुसरी वाट शोधते, आणि मशीनमधून जाते. मशीन जळालं तर पोटुशी बाईला तपासणीसाठी चार तासांचा रस्ता. मशीन यायच्या आधी मिस्त्रींची सून त्या रस्त्याने गेली होती आणि रिकाम्या पोटाने, रिकाम्या हाताने परत आली होती. मशीन आलं त्या दिवसापासून त्यांनी एकही नेम चुकवला नव्हता.

आणि आता चार दिवस कुणीतरी त्यांच्या आधी येऊन पाणी घालत होतं. कशासाठी? तांब्याला भाव आहे, प्लेट उपसून नेली असणार, आणि उकरलेली माती बसावी म्हणून वर पाणी मारलं असणार! मिस्त्रींनी बल्ब लावून अर्थिंग तपासलं. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे प्लेट जागेवर होती. तरीही त्यांना चैन पडेना. चोर अजून तयारीतच आहे म्हणायचा. मावशींचा भाऊ भंगारवाला आहे, हेही त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं.

"मला चुना लावता काय?" ते पुटपुटले, आणि संध्याकाळी घरी जाताना रंगकामातला उरलेला चुना खड्ड्याभोवती पसरून गेले.

सकाळी आठ वाजता बादली घेऊन येतात तो खड्डा ओला! आणि चुन्यात चपलांची पावलं. डाव्या टाचेला ठोकलेल्या टायरच्या तुकड्याची नक्षीसुद्धा उठली होती.

चोर माझीच चप्पल घालून येतो, असं आधी त्यांच्या मनात आलं. मग भिंतीला हात टेकून त्यांनी डावा पाय उचलला. अजून ते चुन्याबाहेरच उभे होते, तरी टाचेला चुना होता. ओला.

"मिस्त्री," मागून मावशी हलकेच म्हणाल्या, "सातला येऊन तुम्हीच घातलंत. पाच दिवस असंच चाललंय. आठला परत बादली घेऊन येता."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? दोनदा पाणी पडलं तर खड्ड्याचं काय जातंय, म्हटलं."

"अजून काहीतरी लपवताय तुम्ही."

मावशींनी फडकं उगाच पिळलं. "परवा गडगडलं ना, तेव्हा प्लग भिंतीतच होता. काढला म्हणून तुम्ही बाईंना सांगून आला होतात. मग मीच काढला."

मिस्त्रींनी बादली खाली ठेवली. काही वेळाने ते डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले.

"बाई, एका माणसावर माझा संशय आहे."

"आता कोण?" बाई हसल्या. मिस्त्रींच्या यादीत वर्षाला चार नावं तरी चढायची.

"मीच."

बाईंचं हसू मावळलं.

दुपारी आभाळ भरून आलं. पहिल्या गडगडाटाला मिस्त्री बाकावरून उठले, दोन पावलं गेले आणि थांबले. खिशातला टेस्टर काढून त्यांनी मावशींना दिला. मावशी आत जाऊन आल्या.

"काढला."

"नक्की?"

"नक्की."

असं कुणी म्हटलं की मिस्त्री सव्वीस वर्षं पाठोपाठ स्वतः बघायला जात आले होते. आज ते परत बाकावर बसले. बाहेर वीज चमकली. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला आणि रिकाम्या खिशावर तसाच राहिला.